काराकुलची रात्र: दोघांची मोटरसायकल ट्रिप, विरळ हवा आणि एकदाच चालणारा व्हिसा

पामीर हायवेबद्दल विचारायला जे कोणी येतं ते गाडी कुठली घ्यायची, टायर कसले, पेट्रोल मिळतं का, राहायची सोय आहे का हे सगळं विचारतं, पण रस्ता कुठल्या टोकाकडून सुरू करायचा हे फार कमी जण विचारतात आणि माझ्या मते सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न तोच आहे. म्हणून ही एक केस पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढतोय. नाशिकचं जोडपं, दोघंही चाळिशी ओलांडलेले, तो माझा जुना सहकारी, ती बँकेत. ट्रिपनंतर दोघांशी वेगवेगळं बसून बोललो, तिने रोज रात्री वहीत टिपून ठेवलं होतं ती वही पण तिने वाचायला दिली. नावं घालू नकोस, बाकी सगळं लिही, असं दोघांनी सांगितलंय.

आधी रस्ता समजून घ्या, त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. एम-४१ म्हणजे पामीर हायवे, किरगिझस्तानातल्या ओशपासून ताजिकिस्तानची राजधानी दुशान्बेपर्यंत, साधारण १,२०० किमी. ओश समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या जरा खाली आहे. तिथून तालदिक खिंड (३,६१५ मीटर) चढून सारी-ताश हे छोटं गाव, ३,१७० मीटर. मग सीमा, किझिल-आर्त खिंड ४,२८० मीटर, पुढे काराकुल तलाव आणि त्याच्या काठचं काराकुल गाव ३,९०० च्या वर, मग अक-बैतल खिंड ४,६५५ मीटर, ती उतरली की मुरगाब ३,६०० च्या आसपास. मुरगाबनंतर अलिचूरचं पठार, परत चार हजाराच्या वरच्या खिंडी, आणि मग कुठे खोरोग येतं, २,१०० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे म्हणजे अंदाज येईल.

आता हेच उलट बाजूने बघा. दुशान्बे आठशे मीटर, पंज नदीच्या काठाने कलाई-खुम्ब बाराशेच्या आसपास, मग खोरोग २,१००, तिथे एक-दोन दिवस काढले की मग पठारावर चढायचं. शरीराला प्रत्येक पायरीवर थांबायला जागा मिळते. ओशकडून गेलात तर पहिल्याच दिवशी दोन हजार मीटरचा जिना एका दमात.

हे दोघं ओशकडून गेले. कारण अगदी साधं, विमानाची तिकिटं आणि भाड्याची गाडी दोन्ही त्या बाजूने सोयीची पडली. आपली स्वतःची गाडी न्यायचा विचार त्यांनी केला होता, पण जमिनीवरून जायचं म्हटलं तर मधे पाकिस्तान नाहीतर चीन, चीनमधे परदेशी गाडी न्यायची तर परवाने आणि सोबत गाईड घ्यावा लागतो, जहाजाने इराणमार्गे न्यायची तर कार्नेट (गाडी तात्पुरती दुसऱ्या देशात न्यायचं कस्टमचं कागदपत्र) लागतं, ते मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनकडून मिळतं पण त्यात बरेच पैसे अडकून पडतात. पंधरा-वीस दिवसांच्या सुट्टीसाठी हा सगळा खटाटोप कोण करणार, त्यामुळे भाड्याची गाडी हा निर्णय मला पूर्ण पटतो. ओशला जुनी यामाहा एक्सटी ६०० मिळाली, सिंगल सिलेंडर, कार्ब्युरेटरवाली, दुशान्बेला सोडायची बोली. सीमेपलीकडे न्यायला मालकाचं रशियन भाषेतलं मुखत्यारपत्र आणि गाडीचं रजिस्ट्रेशन सोबत. दोघांकडे आरटीओतून काढलेलं इंटरनॅशनल परमिट. ती रोज नाशिकमधे स्कूटर चालवते, गिअरची गाडी पण येते तिला, पण या गाडीची सीट इतकी उंच की तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते, त्यातून मागे सामान लादलेलं. म्हणजे कागदावर चालवणारे दोन, खरा चालवणारा एकच. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

दुसरी महत्त्वाची गोष्ट लेह. दोघांनी काही वर्षांपूर्वी बुलेटवर श्रीनगर-लेह केलं होतं, खारदुंगला पण केलं, काही त्रास झाला नाही. त्यामुळे तो मनातून निर्धास्त होता की आपल्याला उंची सोसते, ५,३५९ मीटर करून आलोय, इथं तर सगळ्यात उंच खिंड ४,६५५ ची. हा हिशोब मी खूप जणांच्या तोंडून ऐकलाय आणि तो चुकीचा आहे, कारण खिंड किती उंच हे दुय्यम, रात्री झोपताय किती उंचीवर आणि तिथपर्यंत किती दिवसांत आलात हे खरं. लेहच्या वेळी ते श्रीनगरला (१,५८५) झोपले, कारगिलला (२,६७६) झोपले, लेहला (३,५००) पोचल्यावर दोन दिवस नुसते पडून होते, आणि खारदुंगला वरून जाऊन आले पण खिंडीत झोपले नाहीत. मनालीकडून जाऊन सारचूला ४,२९० मीटरवर रात्र काढणाऱ्यांचे काय हाल होतात हे आपल्याकडच्या बायकर लोकांना चांगलं माहितीये. ओशकडून काराकुल हा त्या सारचूचाच भाऊ आहे.

डॉक्टरी नियम असा की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जास्त काढावी. यांचा प्लॅन काय होता? पहिली रात्र सारी-ताश, म्हणजे एका दिवसात २,२०० मीटर वर. दुसरी रात्र काराकुल, म्हणजे अजून साडेसातशे.

जायच्या आधी ती घरच्या डॉक्टरांकडे जाऊन आली होती आणि ही या केसमधली सगळ्यात चांगली गोष्ट. डॉक्टरांनी डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) लिहून दिली, आधीपासून घ्यायची तर १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, त्रास सुरू झालाच तर २५० दोनदा, सोबत डेक्सामेथासोनच्या (मेंदूची सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडच्या) गोळ्या फक्त इमर्जन्सीसाठी, आणि एका कागदावर कुठलं लक्षण दिसलं तर काय करायचं ते मराठीत लिहून दिलं. (सल्फाची ॲलर्जी असेल तर डायमॉक्स विचारल्याशिवाय घेऊ नये, हे पण त्या कागदावर होतं.) तिने ओशपासून गोळी सुरू केली. त्याने घेतली नाही, कारण लेहच्या वेळी डायमॉक्सने त्याच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या आणि थ्रॉटलवर हात सुन्न वाटतो म्हणून तो नको म्हणाला. कारण खोटं नाहीये, बोटांना मुंग्या येणं हा त्या गोळीचा नेहमीचा परिणाम आहे, आणि गाडी चालवणाऱ्याला तो नकोसा वाटणारच.

ओशमधे त्यांना दोन दिवस मिळाले. सुलेमान-तू डोंगर चढले, बाजार बघितला, आणि तिथल्या मेडिकल कॉलेजात शिकणारी महाराष्ट्रातली पोरं भेटली, त्यांनी मेसमधे नेऊन डाळभात खायला घातला. ऑगस्टचा महिना, ओशला चांगलंच ऊन. तिसऱ्या दिवशी सकाळी निघाले आणि दुपारी सारी-ताश. रस्ता डांबरी, मस्त, समोर सात हजाराच्या वरची बर्फाची भिंत, लेनिन शिखर ७,१३४ मीटर. त्या संध्याकाळी दोघांचंही डोकं जरा जड होतं, जेवण कमी गेलं, रात्री झोप तुटक. तिच्या वहीत एवढंच आहे की "दमल्यामुळे असेल, उद्या बघू". तिथेच अजून एक रात्र काढायला हवी होती असं मला वाटतं, पण काराकुलच्या घरात बुकिंग झालेलं, सीमेवरची परवानगी ठरलेल्या तारखेची, आणि सकाळी उठल्यावर दोघांनाही बरं वाटत होतं. तारखा एकमेकींत अडकवून ठेवल्या की शरीराला बोलायला जागा उरत नाही.

गाडीवरचा दुसरा दिवस. सारी-ताशपासून किरगिझ चौकी पंचवीसेक किमी, तिथे शिक्का मारला की ते देशाबाहेर. मग वीस किमीचा कोणाचाच नसलेला रस्ता, लाल चिखल, ओढे, रस्त्यावर आडव्या वळ्या, आणि वर खिंडीजवळ ताजिक चौकी. म्हणजे कागदपत्रं करायला थांबायचं तेच ४,२०० मीटरच्या आसपास, वारा सुटलेला, तास-दीड तास. या उंचीवर हवेचा दाब समुद्राकाठच्या साठ टक्क्यांपर्यंत येतो. माणसाला जसं ऑक्सिजन कमी पडतं तसंच इंजिनलाही, कार्ब्युरेटरवाल्या गाडीत तर पेट्रोल तेवढंच आणि हवा कमी, मिश्रण जाड होतं, गाडी काळा धूर टाकते आणि ओढत नाही. त्यामुळे तो सारखा गाडीवर वैतागत होता, पहिल्या-दुसऱ्या गिअरमधे रडतखडत, दोन माणसं आणि सामान, आणि थकवा येतोय तो गाडीमुळे असंच त्याला वाटत राहिलं.

मागे बसलेल्या माणसाला पुढच्याचा चेहरा दिसत नाही, दोघं एकाच गाडीवर असण्यात हा मोठा धोका आहे. दोन गाड्या असत्या तर थांबल्यावर तरी समोरासमोर येतात. इथं तिच्याकडे फक्त इंटरकॉम. वहीत तिने नोंदवलंय ते असं: खिंडीनंतर त्याची उत्तरं एका शब्दावर आली. थांबलेल्या गाडीवर तोल जाऊन गाडी दोनदा आडवी झाली, एकदा तर सपाट जागेवर. गिअर न बदलता गाडी बंद पाडली. आणि काराकुल तलाव दिसला, निळाजांभळा, उल्का पडून झालेल्या खड्ड्यात आहे म्हणतात तो, ज्याच्यासाठी हा माणूस दोन वर्षं मागे लागला होता, तर तो थांबला नाही, फोटो काढला नाही, सरळ गावात जाऊन गाडी लावली. तिला तिथे पहिल्यांदा धस्स झालं.

घरात पोचले संध्याकाळी पाचच्या सुमारास. तिकडे घरांमधे पाहुणे ठेवतात, जमिनीवर जाड गाद्या, मधे स्टोव्ह, त्यात वाळलेलं शेण नाहीतर तेरेस्केन नावाचं खुरटं झुडूप जाळतात. त्याने बूट न काढताच गादीवर अंग टाकलं. डोकं ठणकतंय, मळमळतंय. तिने विचारलं तर म्हणाला, "पित्त झालंय गं, सकाळपासून नुसता चहाच झालाय." पित्ताची गोळी घेतली, अर्ध्या तासात ती उलटीतून बाहेर. परत उलटी. आपल्याकडे डोकं आणि मळमळ म्हटलं की पित्त, आणि उंचीचा त्रास नेमका तसाच दिसतो, त्यामुळे हा गोंधळ अगदी नेहमी होतो. डोंगरावरचा सरळ नियम असा आहे की उंचीवर आल्यानंतर सुरू झालेली डोकेदुखी उंचीचीच धरायची, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत.

तिने काय केलं ते क्रमाने सांगतो कारण ते शिकण्यासारखं आहे. आधी तिने स्टोव्हकडे बघितलं. बंद खोलीत जळणाचा धूर साठला तर कार्बन मोनॉक्साईडने पण असंच डोकं दुखतं आणि मळमळतं. स्टोव्हला धुराडं होतं, तरी तिने खिडकी उघडली, त्याला दहा मिनिटं पडवीत बसवलं, फरक नाही, आणि त्याच खोलीत बसून तिचं स्वतःचं डोकं ठीक होतं. मग पाणी, दिवसभरात दोघांनी मिळून जेमतेम दीड लिटर प्यायलेलं, म्हणजे ते एक कारण असू शकतं, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट सुरू केलं. मग ऑक्सिमीटर, कोविडनंतर घराघरांत पडून असलेला तोच, तिचं ८६, त्याचं ७८. या उंचीवर नवीन माणसाचं ऐंशीच्या घरात असणं नवल नाही, आणि गार बोटांवर आकडा फसवतो पण, त्यामुळे नुसत्या आकड्यावर तिने काही ठरवलं नाही हे बरोबर. मग डॉक्टरांच्या कागदावरच्या दोन खऱ्या परीक्षा. एक, पावलापुढे पाऊल, टाच पुढच्या अंगठ्याला टेकवत सरळ रेषेत चालायचं. तो चालला, एकदा डगमगला पण चालला, दारू प्यायल्यासारखी झोकांडी नाही. दोन, स्वस्थ बसल्यावर धाप लागते का, खोकला आहे का, छातीत घरघर आहे का. नाही. आज वार कोणता, पोराचा फोन नंबर काय, बरोबर सांगितलं, चिडून सांगितलं पण बरोबर.

म्हणजे त्रास उंचीचा, मध्यम स्वरूपाचा, मेंदूला सूज किंवा फुप्फुसात पाणी या दोन जीवघेण्या पायऱ्यांवर अजून गेलेला नाही. या टप्प्यावर नियम असा की अजून वर जायचं नाही, आराम, औषध, आणि सुधारणा नसेल तर खाली उतरायचं.

आणि इथेच ही केस अवघड होते. खाली उतरायचं म्हणजे कुठं?

काराकुल हे वाटीच्या तळासारखं आहे. मागे सारी-ताश सगळ्यात जवळचं खालचं ठिकाण, शंभरेक किमी, ३,१७० मीटर, तिथून अजून खाली ओशपर्यंत डांबरी रस्ता आणि हॉस्पिटलं. पण त्यासाठी परत किझिल-आर्तची ४,२८० ची खिंड. पुढे मुरगाब, १३५ किमी, पण मधे अक-बैतल ४,६५५, आणि एवढं करून मुरगाब काराकुलपेक्षा फक्त तीनशे मीटर खाली. वैद्यकीय दृष्टीने मागे जाणं उजवं, खिंड कमी उंच आणि पलीकडचा उतार मोठा. पण किरगिझ व्हिसा एकदाच प्रवेशाचा, सकाळीच त्यावर बाहेर पडल्याचा शिक्का बसलेला. ताजिक व्हिसा पण तसाच. रात्री सीमा बंद, सकाळी किरगिझ चौकीवर जाऊन आजारी माणूस आहे आत घ्या म्हणून विनवायचं, त्यांनी नाही म्हटलं तर ताजिकिस्तानच्या व्हिसावरही तोपर्यंत बाहेर पडल्याचा शिक्का, आणि हे दोघं मधल्या वीस किलोमीटरमधे, चार हजार मीटरवर, आजारी माणसाबरोबर. युरोपातल्या बहुतेक लोकांना किरगिझस्तानात व्हिसा लागत नाही, त्यामुळे त्यांनी लिहिलेले सल्ले वाचले तर "त्रास झाला तर ओशला परत या" असं सहज लिहिलेलं असतं. भारतीय पासपोर्टवर ते सहज नाही, आणि आपल्या लोकांनी प्लॅन करताना ही गोष्ट नकाशावर खिंडीइतक्याच ठळक अक्षरात लिहून ठेवायला हवी.

तिसरा पर्याय, तिथेच थांबायचं. चौथा पर्याय त्याने सुचवला, की मी सकाळपर्यंत ठणठणीत होईन, आपण गाडीवर पुढे जाऊ. यावर दोघांचं वाजलं. वहीत हे पान मोठं आहे. तो म्हणत होता चालवायचं मला आहे तर मी ठरवणार, इतकी वर्षं चालवतोय. ती म्हणाली, "आत्ता तुझं डोकं ठिकाणावर नाही, तू आजारी आहेस, मी ठरवणार." आणि मग तिने नाशिकहून निघताना झालेल्या बोलण्याची आठवण करून दिली, डॉक्टरांच्या समोरच ठरलं होतं की ज्याला त्रास होतोय त्याचं मत त्या दिवसापुरतं धरायचं नाही. त्याला ते आठवत होतं. तो गप्प झाला. मला विचाराल तर औषधाच्या पिशवीपेक्षा या एका आधीच ठरलेल्या गोष्टीने ती रात्र निभावली. उंचीवर सगळ्यात आधी जातो तो सारासार विचार, आणि ज्याचा जातो त्याला ते कळत नाही. नवरा-बायकोमधे तर अजून एक अडचण, की एरवी घरात जो जास्त बोलतो, जो जास्त चालवतो, त्याचंच ऐकायची सवय लागलेली असते, आणि वादाच्या क्षणी नवा नियम काढला तर तो भांडण वाटतो. आधी ठरलेला असेल तर दोघांचाच असतो.

रात्रीचा बेत तिने असा केला. डायमॉक्स २५०, उलटीची गोळी आधी देऊन मग अर्ध्या तासाने, म्हणजे पोटात राहील. डोक्याला पॅरासिटामॉल. झोपेची गोळी अजिबात नाही. उशाला दोन गाद्या लावून अर्धवट बसतं झोपवलं. दर दोन तासांनी उठवून चालायची परीक्षा आणि पोराचा नंबर. घरमालकीणबाईंना खुणांनी आणि फोनवरच्या भाषांतराने सगळं सांगितलं, त्यांच्या पुतण्याकडे जीप होती, तो रात्री घरीच थांबला, डिझेल भरून. आणि लाल रेघ ठरवली: चालताना झोकांडी गेली, बडबड सुरू झाली, किंवा बसल्या जागी धाप लागली, तर त्याच मिनिटाला डेक्सामेथासोन आणि अंधार असला तरी जीप. कुठल्या दिशेने हे पण आधीच ठरवलं, मुरगाब, कारण तिथे छोटं का होईना हॉस्पिटल आहे आणि मधे सीमा नाही. यावर मी खूप विचार केलाय. मेंदूला सूज असताना ४,६५५ चढवणं भयंकर आहे, पण बंद सीमेच्या दारात थांबणं त्याहून वाईट, आणि जीपने खिंडीचा सगळ्यात वरचा भाग लवकर मागे पडतो. तिच्या जागी मी असतो तर मीही मुरगाबच म्हटलं असतं.

लाल रेघ ओलांडायची वेळ आली नाही. बाराला उलट्या थांबल्या, दोनला डोकं तसंच पण चालणं नीट, पाचच्या सुमाराला त्याने स्वतःहून पाणी मागितलं आणि लघवीला दोनदा जाऊन आला, डायमॉक्सने ते होतंच आणि होणं चांगलंही. सकाळी आकडा ८३. मेतकूट-भाताचं पाकीट गरम पाण्यात कालवून चार घास खाल्ले. डोकेदुखी अर्ध्यावर.

आता खरा मोह इथे होता. बरं वाटतंय, हवा स्वच्छ, गाडी दारात. त्याने गाडीचा विषय काढला पण जोर करून काढला नाही. ती म्हणाली पूर्ण बरं वाटेपर्यंत तू हँडल धरायचं नाहीस. मग दोन मार्ग होते, काराकुललाच अजून एक-दोन रात्री काढायच्या, जे पुस्तकाप्रमाणे चालतं, लक्षणं कमी होत असतील तर त्याच उंचीवर थांबायला हरकत नसते. पण तिथे डॉक्टर नाही, फोनला रेंज धड नाही, आणि रात्री परत बिघडलं तर परत तीच कोंडी. म्हणून तिने दिवसाउजेडी जीप केली. दहा वाजता निघाले, अक-बैतलवर थांबायचं नाही असं पुतण्याला बजावलं, चीनच्या सीमेचं कुंपण रस्त्याकडेने बराच वेळ सोबत होतं, आणि दुपारी मुरगाब. पैसे डॉलरमधे रोख द्यावे लागले, काराकुलला एटीएम वगैरे काही नाही, तिने कमरेच्या पट्ट्यात वेगळे ठेवलेले इमर्जन्सीचे डॉलर होते ते कामी आले.

मुरगाबला हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, थोडा वेळ ऑक्सिजन लावला आणि दोन दिवस हलू नका सांगितलं. ते दोन दिवस काही विशेष नाही, जुन्या कंटेनरमधे भरणारा बाजार, नदी, आणि शीरचाय नावाचा तिकडचा चहा, दूध, मीठ, लोणी आणि त्यात ब्रेडचे तुकडे. दुसऱ्या दिवशी त्याला कडकडून भूक लागली तेव्हा तिने वहीत पहिल्यांदा "बरा आहे" असं लिहिलं. गाडी तोपर्यंत एका ट्रकमधे घालून काराकुलहून मागवली, एक आरसा फुटून आली.

तिथून त्यांनी अलिचूरचा मुक्काम रद्द केला. प्लॅनमधे तो होता, पण अलिचूर परत चार हजाराच्या जवळ, म्हणजे झोपायची उंची पुन्हा वर. मुरगाब ते खोरोग तीनशे किमीच्या वर आहे, पहाटे निघून एका दिवसात केलं, मधल्या खिंडी ओलांडल्या आणि अंधार पडायच्या आत २,१०० मीटरवर. खोरोगला झाडं दिसली, सफरचंदं दिसली, आकडा ९५. वाखान खोऱ्याकडे जाणारा फाटा सोडून द्यावा लागला, दिवस संपत आले होते, आणि पंज नदीच्या काठाने, पलीकडे अफगाणिस्तान बघत, ते दुशान्बेला पोचले.

ट्रिपनंतर त्याच्या ओळखीतले लोक त्याला म्हणाले की फिटनेस कमी पडला असेल, वय झालं. हे मला अजिबात मान्य नाही. तो दर रविवारी ब्रह्मगिरी चढणारा माणूस आहे, आणि उंचीच्या त्रासाचा फिटनेसशी फारसा संबंध नसतो, तगडी तरुण पोरं उलट जास्त अडकतात कारण ती भराभर वर जातात. डायमॉक्स घेतली असती तर बहुधा त्रास कमी झाला असता, तिला झाला नाही त्यात गोळीचा वाटा असणार, पण गोळी ही दुसरी ढाल आहे. पहिली ढाल म्हणजे रस्त्याची रचना, आणि ती ओशच्या तिकिटांबरोबरच हातातून गेली होती.

ओशकडूनच जायचं असेल, तिकिटं झाली असतील, तर मी आता असं सांगतो. पहिली रात्र ओशपासून जवळच गुलचोला, पंधराशेच्या आसपास. मग सारी-ताशला किमान दोन रात्री, तीन झाल्या तर उत्तम, आणि मधल्या दिवशी लेनिन शिखराच्या पायथ्याच्या तलावांकडे साडेतीन हजारापर्यंत जाऊन यायचं पण झोपायला परत खाली. मग काराकुलला जेवायला थांबा, फोटो काढा, झोपू नका, त्याच दिवशी मुरगाब गाठा. सारी-ताशची ३,१७० आणि मुरगाबची ३,६००, म्हणजे पाचशेच्या आत बसतं. दिवस मोठा होतो, सीमेवर उशीर झाला तर ओढाताण होते, म्हणून चौकी उघडायच्या वेळेला दारात हवं. ही सीमा मधे काही वर्षं बंदच होती, त्यामुळे परवानगीचे नियम निघायच्या आठवड्यात परत तपासा. किरगिझ व्हिसा दोनदा प्रवेशाचा मिळत असेल तर तोच घ्या, तो फरकाचा पैसा म्हणजे परत फिरायचा रस्ता विकत घेणं आहे. इन्शुरन्समधे किती मीटर उंचीपर्यंत आणि किती सीसीच्या गाडीपर्यंत कव्हर आहे ते बारीक अक्षरात शोधा, बऱ्याच साध्या पॉलिसीत दोन्हीपैकी एक बाहेर असतं. आणि एकाच गाडीवर दोघं असाल तर अशी गाडी घ्या जिच्यावर दोघांचे पाय टेकतात, जरा लहान सीसीची असली तरी चालेल.

त्या दोघांचं आता वाखानसाठी परत जायचं ठरतंय, यावेळी दुशान्बेकडून, आणि दोन वेगळ्या गाड्यांवर. तिने अडीचशे सीसीची गाडी हवी म्हणून सांगितलंय, तो अजून कुठे मिळते ते शोधतोय.